हवेची कात्री

मराठी माणूस आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या कात्रीत सापडलेला असतो. लहानपणी न्हाव्याच्या, तरुणपणी शिंप्याच्या, आणि लग्नानंतर आई नि बायको या दोन पात्यांच्या. चुकून लेखक झालाच, तर संपादकाची कात्री वेगळी. शिवाय बजेटच्या दिवशी अर्थमंत्री पगारदाराच्या खिशाला जी लावतात, तिला पाती दोन की चार हे अजून कुणाला मोजता आलेलं नाही. एवढ्या कात्र्या अवतीभवती असून घरातली कात्री मात्र हवी तेव्हा सापडत नाही. कात्रीची नुसती उघडझाप केली की घरात भांडण होतं, अशी आमच्या आईची श्रद्धा होती. माझा अनुभव असा, की कात्री सापडली नाही की एक भांडण होतं, आणि सापडल्यावर ती तुमच्याच खणात कशी निघाली यावरून दुसरं होतं.

पण तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर, या वयात एका नव्याच कात्रीशी आपला संबंध येईल, असं काही मला वाटलं नव्हतं. ही कात्री कापड कापत नाही की केस कापत नाही. लोखंडाचा पत्रा कापते. आणि चालते कशावर? तर हवेवर! आता आमच्या गावात हवेवर चालणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. स्टँडसमोरच्या कट्ट्यावरचं राजकारण तर वर्षानुवर्षं नुसत्या हवेवर चाललेलं आहे. पण हवेवर चालून प्रत्यक्ष लोखंड कापणारी वस्तू मी पहिल्यांदाच पाहिली.

आमचं गाव म्हणजे कोरेगाव. हे म्हटल्याबरोबर वाचकांच्या डोळ्यांपुढे एक तर १८१८ ची लढाई उभी राहील, नाही तर पुण्यातली वडाची झाडं आणि महागडी कॉफी. हरे राम! लढाईचं ते भीमेकाठचं कोरेगाव, आणि कॉफीचं ते कोरेगाव पार्क. आमचं ते सातारा जिल्ह्यातलं, पुणे-मिरज लोहमार्गावरचं, जरंडेश्वराच्या डोंगराजवळचं तालुक्याचं गाव. आमच्या तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे घेवड्याला सरकारदरबारी स्वतःची ओळख आहे. आम्हांला मात्र अजून 'कुठलं कोरेगाव?' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

हा घेवडा साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या माझा मेव्हणा करतो. सातारच्या रस्त्याला त्याची शेड आहे. कोठ्या, ट्रंका, पावसाळ्याआधी पन्हळी, उन्हाळ्याआधी कूलरचे डबे, असा ऋतुमानाप्रमाणे त्याचा धंदा चालतो. शेडमध्ये एक वस्ताद, तीन पोरं आणि एक मांजर. मांजर सोडून सगळे पगारी.

आमच्या मुलखाला लोखंडाचं काही वावडं नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्या आधी बेळगावात त्यांनी जी यंत्रं केली, त्यांतलं अगदी सुरुवातीचं म्हणजे कडबा कापायचं यंत्र. तेव्हा कापाकापीपासूनच आमच्याकडच्या कारखानदारीचा श्रीगणेशा झाला म्हणायला हरकत नाही. खुद्द आमच्या तालुक्यात, सातारारोडला, धनजीशा कूपरांच्या कारखान्यात नांगर आणि इंजिनं झाली. हे कूपरसाहेब पुढे १९३७ साली साडेतीन महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. त्या काळी इलाख्याच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. लोखंड वाकवून झाल्यावर माणसं वाकवायला ते साडेतीन महिने पुरले नसावेत. आणि हवेचंच म्हणाल, तर किर्लोस्करांनी १९५८ साली पुण्यात कॉम्प्रेसरसाठी 'किर्लोस्कर न्युमॅटिक' ही वेगळी कंपनीच काढली. सांगायचा मुद्दा असा, की हवा दाबून कामाला लावायची ही कल्पना आमच्याकडे आभाळातून पडलेली नाही.

मेव्हण्याकडे कॉम्प्रेसर होताच, रंग मारण्यापुरता. पत्रा कापायला मात्र हातकात्री, नाही तर ग्राइंडर. हातकात्रीनं चाळीस वर्षं पत्रा कापून वस्तादांचा अंगठा आता चहाच्या कपाचा कानही नीट धरत नाही. ग्राइंडरनं ठिणग्या उडतात, कान किटतात, आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा जस्ताचा मुलामा कडेला जळतो. मग कोठी पहिल्या पावसाळ्यात नेमकी तिथूनच गंजायला लागते. म्हणून मेव्हण्यानं हवेची कात्री मागवली. ती आधी पुण्याच्या कोरेगाव पार्कात गेली. तिथली हवा दोन दिवस खाऊन मग इकडे आली.

डब्यात कात्रीबरोबर एक कागद निघाला. वापर, सुरक्षा आणि देखभाल यांच्या सूचना. इंग्रजी, हिंदी आणि चक्क मराठी! मेव्हणा तो कागद घेऊन संध्याकाळी घरी आला.

"दाजी, तुम्ही मराठीचे मास्तर. हे मराठी आहे का ते बघा. पोरं वाचून खिदळतायत, आणि वस्ताद म्हणतात ही कात्री कसायाची आहे."

मी चष्मा लावून वाचायला लागलो. पहिलंच वाक्य होतं, 'साधन वापरताना डोळ्यांना पोशाख घाला.' दुसरं, 'साधनाला नळीने फाशी देऊ नका.' तिसरं, 'पात्यांमधील खेळ वेळोवेळी पाहा.' चौथं, 'जिवंत तारा कापू नका.' यावर शेडमधल्या धाकट्या पोरानं, मेलेल्या कापल्या तर चालतील काय, अशी शंका काढली होती म्हणे. आणि पाचव्या वाक्यावर मी चष्मा काढून पुसला. 'नळी विलग करण्यापूर्वी हवेच्या रेषेला रक्तस्राव होऊ द्यावा.'

आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कुणाला रक्तस्राव झाला?" म्हणाली.

"हवेला."

"अगंबाई!" म्हणून ती परत आत गेली. तीस वर्षं शिक्षकाच्या घरात काढल्यामुळे तिला आता कशाचं काही वाटत नाही.

हे मराठी कुठल्या यंत्रानं केलं असावं हे उघड होतं. यंत्राला भाषा येते, पण यंत्राची भाषा यंत्रालाच येत नाही, ही गंमत बघा. मेव्हण्याचं म्हणणं असं, की मी याचं सरळ मराठी करून द्यावं. तो ते रंगवून शेडमध्ये लावणार होता. आता अर्थ कळल्याशिवाय भाषांतर करू नये असं मी मुलांना शिकवत आलो. म्हणून शब्दकोश कपाटातच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून शेड गाठली.

वस्ताद साठीच्या पुढचे. डोक्याला मुंडासं, खिशात पेन्सिल, डाव्या हाताची तर्जनी निम्मीच. त्यांनी मला स्टूल दिलं, धाकट्याला चहाला पिटाळलं आणि कात्री माझ्या हातात ठेवली. आकार साधारण पिस्तुलासारखा. खाली मूठ, मुठीत घोडा, आणि पुढे नळीच्या जागी तीन पाती. दोन बाजूंची दोन स्थिर, मधलं खालीवर होणारं.

"मास्तर, हवा आत आली का पोटातली चक्री फिरती. चक्रीला पातळ फळ्या हायत. चक्रीच्या जोरावर मधलं पातं वरखाली हुतं. ते दोन्ही पात्यांच्या मधनं पत्र्याची बारकी पट्टी काढून टाकतं. म्हणून पत्रा कुठल्याच बाजूला वाकत न्हाय."

त्यांनी कापून दाखवलं. पाच-सहा मिलिमीटर रुंदीची पट्टी गोल गोल वळत बाहेर आली, बटाट्याच्या सालीसारखी. मी कौतुकानं हात पुढे केला, तसा वस्तादांनी तो मनगटाला धरून थांबवला. "बघायचं. धरायचं न्हाय. ही साल बटाट्याची न्हाय, वस्ताऱ्याची हाय."

मग एकेका वाक्याचा उलगडा झाला. 'फाशी' म्हणजे कात्री नळीला धरून लोंबकळवत नेणं. तसं केलं की जोडाशी नळी चिरते, आणि भरल्या दाबाची नळी सुटली तर पिसाळलेल्या सापासारखी शेडभर फटके मारत सुटते. 'खेळ' म्हणजे पात्यांमधली फट. इंचाचा अगदी बारीक भाग. ती वाढली, किंवा पाती बोथट झाली, की पत्रा कापला जाण्याऐवजी मध्ये दुमडतो, मग माणूस जोर लावतो, आणि जोर लावलेला हात निसटला की तो कुठे जाईल हे त्या हातालाही ठाऊक नसतं. 'जिवंत तार' म्हणजे वीज चालू असलेली वायर. या कात्रीत स्वतःत वीज नाही, त्यामुळे भर पावसाळ्यात ओलसर शेडमध्येही तिचा शॉक बसायची भीती नाही. पण तिचं अंग धातूचं. तिनं भिंतीतली चालू वायर कापली, तर ती वीज थेट हातात. आणि 'रक्तस्राव'? कॉक बंद केला तरी नळीत हवा कोंडलेली राहते. घोडा दाबून ती सोडून द्यायची आणि मगच नळी काढायची. इंग्रजी कारखान्यात याला 'ब्लीड' करणं म्हणतात. आमच्या वस्तादांचा शब्द 'नळी मोकळी करणं'. आता तुम्हीच सांगा, यंत्रानं कुणाला विचारायला हवं होतं?

गेजचं गणितही तिथंच कळलं. अठरा गेजचा पत्रा जाड आणि चोवीस गेजचा पातळ. हे उलटं कसं, असं धाकट्यानं मला विचारलं. मी म्हटलं, वर्गातल्या नंबरासारखं. पहिला नंबर मोठा आणि चाळिसावा बारका. त्याला लगेच पटलं. त्याचा नंबर चाळिसावाच असायचा. ही कात्री साध्या लोखंडाचा अठरा गेजपर्यंतचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा घेते. स्टेनलेस चिवट, म्हणून त्याचा त्याहून पातळच घ्यायचा. आणि दुमडलेली किनार म्हणजे पत्रा दुप्पट झाला, हे कात्रीला कळतं, माणसाला कळत नाही.

एवढ्यात कॉम्प्रेसर धडधडायला लागला आणि संवाद खुणांवर आला. वस्तादांनी कानांत रबरी बुचं घातली आणि मलाही दोन दिली. मी म्हटलं, "कापूस नाही का?" ते म्हणाले, "कापूस अत्तराचा असतो मास्तर, आवाजाचा न्हाय." माझा चाळिशीचा चष्माही त्यांनी नापास केला. बाजूनं उघडा असतो म्हणून. दोन्ही कडा झाकलेला गॉगल चढवून मी आरशात पाहिलं, तेव्हा चंद्रावर निघालेल्या निवृत्त शिक्षकासारखा दिसत होतो.

मग वस्तादांनी टाकीखालचा कॉक फिरवला. फस्सकन तांबूस पाणी बाहेर आलं. हवेच्या टाकीत पाणी कुठून आलं, असं मला वाटलं. पण भिजलेला पंचा पिळल्यावर पाणी निघतं, तशीच हवा दाबून थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बाहेर पडते. आमचा पाऊस महाबळेश्वरच्या मानानं नुसता शिंतोडा, तरी आषाढात टाकीखालून तांब्याभर पाणी निघतं. ते सोडलं नाही तर टाकी आतून गंजते, आणि गंजून पातळ झालेली टाकी एक दिवस दाब सोसेनाशी होते. शिवाय तेच पाणी नळीतून कात्रीच्या पोटात जातं, चक्रीच्या फळ्या फुगतात, झिजतात, आणि महागाची कात्री खोकायला लागते.

औषध काय? तर चार थेंब तेल! सकाळी काम सुरू करण्याआधी नळी जोडायच्या तोंडातून हवेच्या हत्याराचं पातळ तेल चार-पाच थेंब, दिवसभर काम असलं तर दुपारी पुन्हा, आणि रात्री ठेवताना आणखी दोन थेंब घालून क्षणभर चालवायची. म्हणजे तेल आत सगळीकडे पसरतं. तेल घातल्यावर पहिली हवा तुषारासारखी बाहेर येते, तेव्हा तोंड लांब ठेवायचं. पाती बसवलेले स्क्रू थरथरीनं सैल होतात, ते रोज पान्ह्यानं तपासायचे. एवढ्यावर ही बया खूश. आमच्या घरच्या मंडळींच्या अपेक्षा याहून पुष्कळ जास्त आहेत, असं मी म्हणणार होतो, पण तिचा सख्खा भाऊ शेजारीच उभा होता.

तेलावरून मेव्हण्याचा आणि वस्तादांचा जुना वाद. मेव्हण्याचं म्हणणं, तेल ते तेल. घरात खोबरेल आहे, शेंगतेल आहे. वस्ताद म्हणतात, खोबरेल थंडीत गोठतं, शेंगतेल चिकट होऊन धूळ धरतं, आणि गाडीचं इंजिन-ऑइल इतकं जाड, की चक्री चिखलातल्या म्हशीसारखी फिरते. शेवटी धन्याचा मान राखून खोबरेल वस्तादांच्या डोक्याला लागलं आणि कात्रीचं तेल साताऱ्याहून आलं.

सगळं समजावून घेऊन मी उठणार, तेवढ्यात सुटीची वेळ झाली आणि एक प्रकार घडला. दिवसभराची धूळ झटकायला मधल्या पोरानं नळीला रंगकामाची बंदूक लावली आणि धाकट्याच्या पाठीवर हवा मारली. धाकटा गुदगुल्या झाल्यासारखा हसत पळाला. मधला मागे लागला. मलाही हसू आलं. पोरं म्हटल्यावर एवढी मस्ती चालायचीच.

वस्ताद हसले नाहीत. साठीतला माणूस दोन ढांगांत कॉकपाशी पोचला, हवा बंद केली, आणि जे काही बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. शेडमध्ये अशी शांतता पसरली, की मांजरसुद्धा ट्रंकेखाली गेलं.

मग ते माझ्याकडे वळले. "मास्तर, मोटारीच्या टायरात किती हवा असती?"

"तीसेक पौंड."

"हितं नव्वद हाय. चौरस इंचाला नव्वद पौंड."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हवा दिसत नाही. हवा फुकट मिळते. तिला धार नाही, ठिणगी नाही, वास नाही. विजेला माणूस भितो, करवतीला भितो, पण हवेला कोण भिणार? आयुष्यभर तीच तर घेत आलो! आणि हीच हवा तिप्पट टायराच्या दाबानं कातडीवरच्या जखमेतून आत शिरली तर कातडीखाली पसरते, रक्तात गेली तर जिवावर बेतते, डोळ्यावर किंवा कानात बसली तर तो कायमचा जातो. थट्टेथट्टेत सोबत्याच्या अंगात हवा सोडली, आतडं फाटलं, पोरगा गेला, अशा बातम्या आपल्याकडच्या पेपरांत येऊन गेल्या आहेत. त्या मी वाचल्याही होत्या. पण वाचलेलं आणि समोर पाहिलेलं यांत फरक असतो. धाकटा एकोणीस वर्षांचा. घरी आई, दोन बहिणी. पगारातून तो धाकटीची शाळेची फी भरतो, हे मला मागाहून कळलं.

याच हवेनं माणसानं डोंगर फोडले आहेत. फ्रान्स आणि इटली यांच्यामधल्या आल्प्सखाली १८५७ साली बोगदा खणायला सुरुवात झाली, तेव्हा हातानं काम इतकं हळू चाले, की त्याला पाव शतक लागेल असा अंदाज होता. १८६१ पासून दाबलेल्या हवेवर चालणारी ड्रिलं लावली आणि १८७१ साली त्यातून आगगाडी गेली. जी हवा आल्प्सच्या खडकाला ऐकत नाही, ती धाकट्याच्या पाठीला काय ऐकणार?

त्या दिवशी पोरं मुकाट्यानं घरी गेली. आम्ही दोघं मागे राहिलो. मी वस्तादांच्या निम्म्या तर्जनीकडे पाहिलं. इतकी वर्षं पाहत होतो, पण विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःच सांगितलं. विसाव्या वर्षी, लांबच्या एका वर्कशॉपात, प्रेसवर. तिथं भिंतीवर सूचनांचा भलामोठा फलक होता. "मोठ्या लोकांनी मोठ्या भाषेत लिवलेला. मला वाचता येत हुतं मास्तर, कळत नव्हतं."

कायदा नव्हता अशातला भाग नाही. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टात उघड्या यंत्राला कुंपण घालण्याचं २१ वं कलम होतं, डोळे सांभाळण्याचं ३५ वं होतं. पण तो कायदा वीज असेल तिथं दहा माणसं मोजून मग आत यायचा. मेव्हण्याच्या शेडमध्ये मांजर धरूनसुद्धा दहा भरत नाहीत. अशा शेडी महाराष्ट्रात गल्लोगल्ली आहेत. तिथं कायदा म्हणजे वस्तादाचं तोंड.

घरी येऊन मी कागद पुढे घेतला. तो यंत्रानं केलेला अनुवाद तर बादच होता. पण भाषासंचालनालयाला शोभेल असं 'वायुचालित धातुकर्तकाच्या परिरक्षणापूर्वी वायुपुरवठा खंडित करावा' हे मराठीही शेडमध्ये चालणार नव्हतं, कारण वस्तादांच्या विसाव्या वर्षी भिंतीवर नेमकं तेच मराठी होतं. माणूस संकटात सापडला की त्याला आईची हाक ऐकू येते, शासननिर्णय ऐकू येत नाही. तेव्हा सूचना ज्या भाषेत आई रागावते, त्या भाषेत हवी. म्हणून दुसऱ्या दिवशी वस्तादांनी बोलायचं आणि मी लिहायचं, असं ठरलं. कलमं मात्र दहाच हवीत, असा त्यांचा हट्ट. "बोटं दहा, कलमं दहा. मोजायला सोपं." शुद्धलेखन तपासायला मी होतो. तपासलं नाही. फलक असा झाला:

१. डोळ्याला गॉगल, कानाला बुचं, हाताला हातमोजं, पायाला बूट. नवरदेवागत सजल्याबिगर कात्रीला हात लावायचा न्हाय.
२. सकाळी आधी कात्रीला चार थेंब त्याल, मग आपल्याला च्या.
३. त्याल डबीतलंच. खोबरेल डोक्याला, शेंगत्याल कढईला.
४. पत्रा शिकंज्यात धरायचा, मांडीवर न्हाय. मांडी आपली हाय.
५. अठरा गेजच्या वर न्हाय. दुमडला म्हंजी दुप्पट झाला.
६. पाती बदलायची? हवा बंद, घोडा दाबून नळी मोकळी, नळी काढ, मग पान्हा. मागंफुडं केलंस तर बोट मागं ऱ्हाईल.
७. हिंडताना घोड्यावर बोट न्हाय. कात्री नळीला धरून न्यायची न्हाय, तिचं नरडं हाय ते.
८. विजेची वायर दिसली तर कात्री खाली, आन् मालकाला हाक.
९. कातरण पडू द्यायचं न्हाय. रोज रात्री लोहचुंबक फिरवायचा, टाकीचं पाणी सोडायचं.
१०. हवा पत्र्याला हाय, माणसाला न्हाय. चेष्टेत मारली तरी त्याच दिवशी हिशेब घेऊन घरी.

लोहचुंबक म्हणजे मेव्हण्याच्या बिघडलेल्या लाउडस्पीकरमधला. गणपतीत गावाचे कान किटवणाऱ्या त्या चुंबकाला, काठीला बांधल्यावर, पहिल्यांदाच काही लोकोपयोगी काम मिळालं.

फलक लागला आणि पोरांनी तो मोठ्यानं वाचला. हसले, पण वाचला. धाकट्याला सातवं कलम इतकं आवडलं, की तो आता मधल्याला "नरडं सोड, नरडं सोड" म्हणून ओरडतो. खंडेनवमीला शेडमधल्या सगळ्या हत्यारांची पूजा झाली. मेव्हण्यानं कात्रीला झेंडूचा हार घातला आणि पात्यांवर कुंकू लावायला गेला, तर धाकट्यानंच हात धरला. "मालक, आधी त्याल." आपल्याकडे हत्याराला वर्षातून एकदा देव करतात आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस गुलाम. वस्तादांचं म्हणणं, दोन्ही नको. रोज चार थेंब द्या आणि माणसासारखं वागवा.

अलीकडे शेडमध्ये आणखी एक रिवाज पडला आहे. तो कुठल्या कलमात नाही. सुटी झाली, पाणी सोडून झालं, चुंबक फिरवून झाला, की वस्ताद दारात उभे राहतात. एकेक पोरगा बाहेर पडताना दोन्ही पंजे वर करून दाखवतो.

"धा?"

"धा!"

परवा मी तिथं होतो. तिन्ही पोरं गेली. मेव्हण्यानं दाखवले. मग वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं खडूशिवाय काही न धरलेले माझे पंजेही मी वर केले. आणि मग मीच विचारलं, "वस्ताद, तुमची?"

त्यांनी दोन्ही हात वर धरले.

"साडेनऊ," म्हणाले. "पर ती जुनी थकबाकी, मास्तर. ह्या शेडच्या नावावर न्हाय." आणि त्यांनी शटर खाली ओढलं.